ज्यू डेलीत काय मागायचं, काय नाही: एका ठाणेकरणीचं टिपण

मुलगी नाहीतर मुलगा न्यूजर्सीला, आणि आईबाबा उन्हाळ्यात तीन-चार महिने तिकडे. आमच्या चरईतल्या प्रत्येक दुसऱ्या इमारतीत असं एक तरी घर आहे. तिकडे गेलात की एखाद्या रविवारी पोरं म्हणणारच, “चला, आज डेलीत जाऊ,” म्हणजे ज्यू पद्धतीच्या खाण्याच्या दुकानात. मग तिथे पोचल्यावर भिंतीवरचा भलामोठा फलक, पुढे रांग, मागे रांग, आणि आपल्याला एकही नाव ओळखीचं वाटत नाही. माझ्याकडे निघण्याआधी सल्ला विचारायला येणाऱ्या मैत्रिणींना मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे. मी मासे आणि चिकन खाते, मटणही चालतं, गोमांस नाही. आमचे हे पूर्ण शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. दोघांचंही पोट डेलीत व्यवस्थित भरतं, पण आधी एक गोष्ट कळली पाहिजे.

ती गोष्ट मला न्यूयॉर्कमध्ये नाही, आमच्या गल्लीत कळली. टेंभीनाक्याला सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर १८७९ साली बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, शार हाशामाइम, म्हणजे स्वर्गाचं द्वार. त्याच्या आसपास बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. अलिबागकडून आलेली, आपल्यासारखंच मराठी बोलणारी, आडनावाच्या शेवटी ‘कर’ लावणारी. कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. आमच्या शेजारच्या मावशी त्यांच्यातल्याच. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन फळ्या होत्या. एका फळीवर दुधाची भांडी, दुसरीवर मटणाची. पळ्या वेगळ्या, घासणीसुद्धा वेगळी. मी लग्न होऊन नवी आले होते. एकदा त्यांच्याकडे जेवायला होते, मटण संपवून हात धुतले आणि सवयीने म्हटलं, “मावशी, आता जरा चहा टाका.” त्या म्हणाल्या, “टाकते, पण कोरा. मटणावर दूध नाही गं आमच्यात. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस, हे तोरा ह्या आमच्या धर्मग्रंथात तीन ठिकाणी सांगितलंय.” त्यांच्या रश्शालाही म्हणूनच दह्याऐवजी नारळाचं दूध असायचं.

मांस आणि दूध एका ताटात नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की डेलीचा फलक वाचता येतो. मासे, अंडी, भाज्या, धान्य हे दोन्हींकडे चालतं, त्याला ‘पार्व्हे’ म्हणतात. (शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवा, पार्व्हे लिहिलेल्या पाकिटात अंडं किंवा मासा असू शकतो.) आणि याच एका नियमामुळे तिथली दुकानं दोन प्रकारची झाली. मांसाचं ते डेलिकाटेसन, म्हणजे डेली. मासे आणि दुधाचं ते ‘ॲपेटायझिंग’. हा शब्द तिथे विशेषणासारखा नाही, दुकानाचं नाव म्हणून वापरतात. पूर्व युरोपातून १८८० नंतर आलेल्या ज्यू कुटुंबांनी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला ही दोन्ही दुकानं रुजवली.

तिसरा एक भेद आहे आणि तो फलकावर कुठे लिहिलेला नसतो. काही डेली खरोखर कोशर असतात, म्हणजे धर्माच्या नियमाप्रमाणे आणि देखरेखीखाली चालणाऱ्या. बऱ्याच डेली मात्र ‘कोशर पद्धतीच्या’ असतात. पदार्थ तेच, चव तीच, नियम पाळलेला नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे रूबेन नावाचं सँडविच. त्यात कॉर्न्ड बीफवर स्विस चीज वितळवलेलं असतं. मांसावर चीज मिळतंय म्हणजे ती जागा कोशर नाही. आपल्याला दोन्हीकडे खायला हरकत नाही, पण बरोबर कोणी नियम पाळणारं ज्यू माणूस असेल तर जागा त्यांना ठरवू द्या. नियम पाळणाऱ्या बऱ्याच डेली शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत बंद असतात, तेव्हा वारही बघून जा.

एकाच रस्त्यावर तीन दुकानं

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी ईस्ट ह्यूस्टन स्ट्रीट सांगते. एफ गाडीने सेकंड ॲव्हेन्यू स्टेशनला उतरायचं. जर्सी सिटीकडून येत असाल तर पाथ गाडीने चौदाव्या रस्त्याला येऊन तिथे एफ पकडायची. स्टेशनातून वर आलात की अगदी जवळ योना शिमेलचं क्निशचं दुकान आहे, १९१० पासून त्याच जागी. क्निश म्हणजे पातळ पिठाच्या आवरणात गच्च भरलेलं सारण, वर उघडं, भट्टीत भाजलेलं. बटाट्याचं घेतलंत तर आतली भाजी बटाटेवड्याची आठवण करून देईल, फक्त हिरवी मिरची, आलं, लसूण यांतलं काही नाही. भरपूर कांदा आणि मिरपूड. इथे मांस शिजतच नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाला विचारपूस न करता पोटभर खाता येतं. अंडंही वर्ज्य असेल तर तेवढं विचारून घ्या. आमच्या ह्यांनी पालकाचं घेतलं होतं. एक क्निश म्हणजे एक जेवण, दोन मागवू नका.

तिथून पूर्वेकडे चालत गेलं की रस अँड डॉटर्स. हे ॲपेटायझिंग दुकान, १९१४ सालचं. मालक जोएल रस यांना तीन मुली. तिघी दुकानात राबत, आणि १९३० च्या दशकात त्यांनी तिघींना भागीदार केलं, दुकानाच्या पाटीवर ‘आणि मुली’ लिहिलं. ती पाटी मी आणि माझी लेक दोघींनी उभं राहून वाचली. त्या काळी, तेही बापाने, हे मला फार मोठं वाटतं.

आत शिरल्यावर आधी नंबराचा कागद घ्यायचा. आपला नंबर पुकारेपर्यंत काचेमागचे मासे नीट पाहून ठेवायचे. ‘लॉक्स’ म्हणजे नुसत्या मिठात मुरवलेला सॅमन, चांगलाच खारट. ‘नोव्हा’ म्हणजे हलकं मीठ लावून थंड धुरावर ठेवलेला, मऊ आणि सौम्य. दोन्हींना आच लागलेली नसते. शिजवलेल्याच माशाची सवय असेल तर हे मनाची तयारी करून खा, नाहीतर सरळ ‘व्हाइटफिश सॅलड’ मागा. ते धुरावर शिजलेल्या माशाचं असतं. कापणारा माणूस चाकू तिरपा धरून इतका पातळ पदर काढतो की खालचं अक्षर वाचता येईल. बेगलवर, म्हणजे मधे भोक असलेल्या गोल पावावर, क्रीम चीज, त्यावर मासा, कांद्याची चकती, केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या. बेगल आधी पाण्यात उकळून मग भाजतात, म्हणून तो चावावा लागतो. ह्या दुकानात बसायची सोय नाही. बसून खायचं असेल तर त्यांचंच कॅफे जवळच ऑर्चर्ड स्ट्रीटला आहे.

आणि पुढे लडलो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कॅट्झ, १८८८ पासूनची डेली. इथे पद्धत समजून घेणं फार गरजेचं आहे. दारातच माणशी एक तिकीट देतात. काउंटरवर काही घेतलं की ते त्या तिकिटावर लिहितात, आणि पैसे बाहेर पडताना. तिकीट हरवलं तर ५० डॉलर भरावे लागतात. तुम्ही काही खाल्लं नसेल तरी कोरं तिकीट परत द्यावंच लागतं. म्हणून घरातल्या एकाच माणसाने सगळी तिकिटं पर्समध्ये ठेवावीत आणि सगळ्यांनी एकाच तिकिटावर घ्यावं. मुलांच्या हातात तिकीट देऊ नये.

काउंटरवर मांस कापणारे ओळीने उभे असतात, प्रत्येकाची रांग स्वतंत्र. सरबतं आणि बाकी गोष्टी वेगळ्या खिडकीवर. रांगेत उभं राहायचा कंटाळा असेल तर भिंतीकडच्या टेबलांवर वेटर येतो. पण मी सांगेन, एकदा तरी काउंटरवरच जा. कापणारा आधी एक तुकडा बशीत ठेवून चाखायला देतो. तो चाखायचा, मान डोलवायची, आणि त्याच्या पेल्यात एखाद-दोन डॉलर टाकायचे. हा तिथला रिवाज आहे.

गोमांसाबद्दल स्पष्ट

हे स्पष्ट सांगणं मला कर्तव्य वाटतं, कारण आपली पोरं “चालतं गं आई” म्हणून सांगत नाहीत. पास्ट्रामी हे गोमांस आहे. ते कित्येक दिवस मिठाच्या पाण्यात मुरवतात, मग वरून धने, काळी मिरी आणि लसूण चोळतात, धुरी देतात आणि शेवटी वाफेवर मऊ करतात. दुकानात शिरलं की तो भाजलेल्या धन्या-मिऱ्यांचा वास घरचा वाटतो, मसाला कुटायला टाकल्यासारखा, आणि पाऊल तिकडेच वळतं. तर आधी माहीत असू द्या. कॉर्न्ड बीफ नावातच आहे. ते मुरवलेलं आणि उकडलेलं असतं, धुरी नाही. पण सलामी, ‘फ्रँक’ म्हणजे हॉटडॉग, ब्रिस्केट आणि ‘टंग’ ह्यांच्या नावावरून कळत नाही. डेलीत ही सगळी गोमांसाचीच असतात. डुकराचं मांस खऱ्या कोशर डेलीत नसतंच.

ज्यांना गोमांस चालतं त्यांनी पास्ट्रामी राय ब्रेडवर घ्यावी, बरोबर मोहरीची चटणी. मेयोनीज मागू नये. ‘लीन’ म्हटलं तर चरबी कमी, ‘ज्यूसी’ म्हटलं तर जास्त, आणि जाणकार ‘ज्यूसी’च मागतात. माझा जावई खातो, मी शेजारी बसते. एका सँडविचमध्ये इतकं मांस असतं की दोघांना पुरून उरतं. किंमत पंचवीस डॉलरच्या वरच. अर्धं बांधून न्यायला कोणी काही म्हणत नाही. काही ठिकाणी मात्र एका ताटात दोघं जेवले तर वेगळा आकार लावतात, मेन्यूवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा.

माझ्यासारख्यांनी टर्कीचं सँडविच घ्यावं आणि आधी मात्झो बॉल सूप. मात्झो म्हणजे यहुदींच्या वल्हांडण सणातली बिनखमिराची भाकरी; ती कुटून, तिच्या पिठात अंडं आणि कोंबडीची चरबी घालून लाडवाएवढा गोळा करतात आणि तो चिकनच्या पाण्यात उकळतात. फुगून हलका होतो. सर्दीपडशात हे सूप देतात. मला पहिल्या चमच्याला सपक वाटलं, चौथ्याला आवडलं. त्यात मिरपूड घालून घ्या, पण तिखट सॉस ओतू नका, त्या गोळ्याची चव जाते. चॉप्ड लिव्हर म्हणजे कोंबडीची कलेजी, परतलेला कांदा आणि उकडलेलं अंडं एकत्र बारीक केलेलं. कलेजी आवडणाऱ्याने सोडू नये. गेफिल्टे फिश, म्हणजे वाटलेल्या माशाचे उकडलेले गोळे, थंडगार आणि काहीसं गोडूस असतं. सुरमईच्या कालवणावर वाढलेल्या जिभेला ते जड जातं, मी पुन्हा घेतलं नाही.

शाकाहाऱ्यांची फसगत होते ती ह्या सूपाशीच. आम्ही पहिल्या वेळी एका डेलीत गेलो तेव्हा ह्यांच्यासाठी मी वेटरला “मीट नको” एवढंच सांगितलं. त्याने मात्झो बॉल सूप आणून ठेवलं. वर मांसाचा तुकडा एकही नाही, नुसतं सोनेरी पाणी आणि गोळा. ह्यांनी दोन चमचे घेतल्यावर मला वास आला. पन्नास वर्षांत ज्या माणसाने कधी चिकन तोंडात घेतलं नव्हतं, त्यांच्या ताटात ते माझ्या हातून गेलं, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा “मीट नको” पुरत नाही. तिथे मीट म्हणजे बऱ्याचदा लाल मांस. “चिकनचं पाणी नको, श्माल्ट्झ नको” असं नाव घेऊन सांगा. श्माल्ट्झ म्हणजे कोंबडीची वितळवलेली चरबी, त्यांचं तूप म्हणा ना. ज्यांना मांसाच्या पदार्थात लोणी घालता येत नव्हतं त्यांनी चरबी वापरली. ती बटाट्याच्या लाटकेत असू शकते, क्निशमध्ये असू शकते, आणि काशातही. काशा म्हणजे भाजून शिजवलेला कुट्टू, फुलपाखराच्या आकाराच्या पास्त्याबरोबर देतात. तेलात केलंय असं कळलं की निश्चिंत खा. लाटके म्हणजे किसलेल्या बटाट्याचं कुरकुरीत थालीपीठच, अंडं आणि कांदा घातलेलं, सफरचंदाच्या गराबरोबर.

खऱ्या कोशर डेलीत दूधही मागू नका. आम्ही ईस्ट तेहतीसाव्या रस्त्यावरच्या सेकंड ॲव्हेन्यू डेलीत गेलो होतो. ती १९५४ साली खरंच सेकंड ॲव्हेन्यूवर सुरू झाली, २००६ मध्ये ती जागा सुटली आणि पुढच्या वर्षाअखेरीस तेहतीसाव्या रस्त्यावर पुन्हा उघडली, नाव तेच राहिलं. जेवण झाल्यावर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ कॉफीत दूध का नाही म्हणून वेटरशी वाद घालत होते. मी कोरा चहा मागितला. म्हाताऱ्या वेटरने माझ्या साडीकडे बघितलं आणि विचारलं, “तुम्हाला कसं माहीत?” मी म्हटलं, आमच्या शेजारच्या मावशींनी शिकवलं. मग पाच मिनिटं त्याला ठाण्याच्या ज्यूंबद्दल सांगत बसले. तो ऐकत उभा राहिला, आणि जाताना आमच्या टेबलावर लोणच्याची आणखी एक वाटी ठेवून गेला.

टेबलावर वेटर असेल तर बिलाच्या अठरा ते वीस टक्के टिप ठेवायची, हे वेगळं सांगायला नको. प्यायला डॉक्टर ब्राउनचा सेल-रे घ्या. तो सेलरीच्या बियांचा सोडा आहे, ओव्याच्या अर्काच्या जवळ जाणारा, जड जेवणावर पोटाला बरा वाटतो. एग क्रीममध्ये अंडं नाही आणि क्रीमही नाही. दूध, सोडा आणि चॉकलेटचं सरबत, एवढंच. दूध आहे म्हणून कोशर डेलीत तो मिळत नाही.

लोणचं, आणि ते ठाण्यात कसं करायचं

डेलीतून मी घरी काय आणलं असेल तर लोणच्याची कृती. तिथे काकडीची दोन लोणची देतात. ‘हाफ सावर’ कमी मुरलेलं, बाहेरून हिरवंगार, मधे पांढरं, कुरकुरीत. ‘फुल सावर’ पूर्ण आंबलेलं, शेवाळी रंगाचं, आरपार पाणीदार. व्हिनेगरचा थेंब नाही. मिठाच्या पाण्यात काकडी आपोआप आंबते, जसं आपलं इडलीचं पीठ. त्यातला मुख्य वास कसला, तर शेपूचा. आमच्या घरी शेपू कोणी तोंडात घेत नव्हतं, त्यांनी ही काकडी खाऊन पुन्हा मागितली.

जांभळी नाक्याच्या बाजारातून अर्धा किलो बोटाएवढ्या कोवळ्या काकड्या आणा. टोचून बघा, मऊ पडलेली एकही नको. फुलाकडचं टोक पातळ कापून टाका, कारण काकडी मऊ पाडणारं द्रव्य तिथेच असतं. देठाकडचं राहू द्या. तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवल्या तर अजून कडक होतात. एक लिटर पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. खडे मीठ घ्या, आणि चमच्याने न मोजता काट्यावर तोला. खड्यांचा आकार सारखा नसतो, चमचा फसवतो. काचेच्या बरणीत तळाला शेपूच्या काड्यांसकट जुडी, आठ लसूण पाकळ्या ठेचून, चमचाभर धने, अर्धा चमचा मिरी, अर्धा चमचा मोहरी, एक सुकी मिरची. वर काकड्या उभ्या दाटीने लावा, पाणी ओता. काकडी पाण्याच्या वर डोकं काढता कामा नये. मी वर काचेची छोटी वाटी दाबून ठेवते. झाकण सैल, खाली ताटली, कारण पाणी फसफसून सांडतं.

आपल्या हवेत हे फार लवकर होतं. मे महिन्यात दुसऱ्या दिवशीच पाणी गढूळ होऊन बुडबुडे दिसतात. घाबरू नका, तेच हवंय. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ एक काकडी कापून चाखायची. मधला भाग अजून पांढरा आणि बाहेरचा आंबट झाला की बरणी फ्रिजमध्ये. पावसाळ्यात तीन-चार दिवस लागतात. पाण्यावर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका. केसाळ, रंगीत बुरशी आली तर सगळंच फेका, वाचवायला जाऊ नका.

पहिल्या वेळी मी ५० ग्रॅम मीठ घातलं होतं. तयार झाल्यावर वाटलं, मावशींना दिल्याशिवाय राहवणार नाही. आता त्यांची नव्वदी जवळ आली आहे, मुलं नातवंडं इस्राएलमध्ये, त्या इथेच. पण माझ्या घरच्या भांड्यातलं त्या खाणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणून दुसरी खेप घालताना त्यांचीच काचेची बरणी मागून आणली, त्यांच्याच घरची सुरी आणि चमचा वापरला, आणि त्यांच्या ओट्यावरच लोणचं घातलं. मीठ पुन्हा ५० ग्रॅमच. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक फोड तोंडात ठेवली, बराच वेळ चावली, आणि म्हणाल्या, “शेपू छान लागतोय. मीठ थोडं कमी कर.” त्यानंतर मी ३५ वर आले.